चौदावं पान

सोमवार, ७ ऑक्टोबर

तर सगळ्यांत आधी खाली उतरली ती दुफूर बहिणींतली थोरली. जेवणाच्या घंटेला चांगली दहा मिनिटं होती, आणि बाई आपल्या खुर्चीत ताठ, हात मांडीवर, जणू फोटो काढायला बसली आहे. मागून धाकटी दुफूर आली. तिला थोरलीने सुनावलं, की तुझ्यासाठी सूप थांबणार नाही. धाकटी म्हणाली, सूप अजून चुलीवर आहे, त्याला थांबवणारी तू कोण. दोघींची लग्नं झालेली नाहीत. मला वाटतं भांडण्यातच राहून गेलं.

थांब सोलांज, मी मधूनच सुरू केलं. वही देताना तू म्हणालीस, आज्जी, पहिल्यापासून लिही, मी सगळं वाचणार. पण पहिल्यापासून म्हणजे कुठून गं? मी शाळेत गेले दोन हिवाळे, तेही गाय व्यायला आली की घरचं बोलावणं यायचं. त्यामुळे अक्षर बघून हसू नकोस. मोठी बाई झालीस तरी तू माझ्या हातची साय चाटलेली पोर आहेस.

तर मी दिएपला पोचले. गाडीत शेजारी एक बाई बदक घेऊन बसली होती, जिवंत, टोपलीत. बदकाने माझा बूट चोचीने कुरतडला. असो. हॉटेल समुद्राच्या मागच्या गल्लीत आहे, नऊ खोल्यांचं, पण बाहुलीघरासारखं सजवलेलं. प्रत्येक खोली वेगळी. माझ्या खोलीच्या भिंतीवर निळे मासे आहेत, कागदाचे, आणि साबण शिंपल्याच्या आकाराचा. तो मी वापरणार नाही, तुला आणेन. पलंग इतका मऊ की मी त्यावर बसले आणि कुणी बघत नाही ना बघून दोन वेळा उसळले. एकाहत्तर वर्षांची मी.

आणि या सगळ्याला मला एक पैसा द्यायचा नाही. आपल्या मेयरच्या बायकोची इथे ओळख. हॉटेलात बारा कायमचे पाहुणे आणि मालकीणबाई मादाम ओब्रे, म्हणजे टेबलावर तेरा. तेरा जण जेवायला बसले आणि त्यांतला जो पहिला पानावरून उठला, तो वर्ष काढत नाही, हे काय कुणाला शिकवायला हवं? आमच्याकडे नाताळात तेरा झालो, तर आई पाळण्यातलं बाळ उचलून खुर्चीत ठेवायची. मोठ्या घरचे लोक त्यासाठी माणूसच ठेवतात, चौदावं माणूस. त्याचं काम काय, तर जेवायचं. तुझी आई म्हणाली, सासूबाई, तुमच्या तोंडाला मासळी आणि जिभेला माणसं, दोन्ही फुकट, जा. जर्मेनचं बोलणं तिखट, पण खरं.

मेयरबाईंकडे मालकीणबाईंनी पत्रात तीनच गोष्टी विचारल्या होत्या. दात आहेत का, ऐकू येतं का, आणि जेवताना स्वस्थ बसते का. तिसऱ्याचं उत्तर जर्मेनने कळवलं, की आमची म्हातारी पाच मिनिटं बूड टेकेल तर शपथ. मी म्हटलं, झालं, आता कोण बोलावतंय. तर चौथ्या दिवशी तिकीट आलं.

तू वीस तारखेला, रविवारी, जेवायच्या वेळेला येणार आणि मला घेऊन जाणार. हे मी सगळ्यांना सांगून टाकलं. सगळ्यांना फार आनंद झाला.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

सोल मासा लोण्यातला. वरून चिरलेली पार्सली. सोलांज, मी साठ वर्षं लोणी घुसळलं, पण ते असं वापरायचं असतं हे मला काल कळलं.

आज एक गंमत. मीठ हाताशी नव्हतं, मी उठले, कपाटावरून आणलं. मग पावाची टोपली रिकामी, ती भरून आणली. मग कासेल म्हणून एक म्हातारे आहेत, त्यांचा चष्मा खाली पडला, तो दिला. मला सवयच ती. आपल्याकडे बाई बसून जेवली कधी? तुझे आजोबा जेवायचे, मी चुलीशी उभी, एक घास इथे, एक तिथे. त्यांच्या मयतीच्या जेवणाला सगळ्यांनी मला धरून बसवलं, तेव्हाही कॉफी उतू जाईल म्हणून मी दोनदा उठले.

पण इथल्या लोकांची रीत चांगली. मी उठले की बाकी कुणी जागचं हलत नाही, खिळ्याने ठोकल्यासारखे बसतात. हातातला काटासुद्धा थांबतो. मी परत बसले की पुन्हा सुरू. जेवण संपलं की मालकीणबाई एक टाळी वाजवतात आणि सगळे एकदम उठतात, पलटणीसारखे. थोरली मला म्हणाली, लेओंतीनबाई, आज तुम्ही सात वेळा उठलात. मी मोजलं. धाकटी म्हणाली, आठ. मग दोघींची त्यावरून जुंपली. कासेलम्हातारे म्हणाले, गेल्या सालची बाई तीनदाच उठायची, तिला संधिवात होता.

कुणीतरी आपल्याकडे इतकं लक्ष देतं, सोलांज. घरी मी दिवसभर उठते-बसते, कुणाला पत्ता नसतो.

गुरुवार, १० ऑक्टोबर

समुद्र पाहिला. वाळू नाही, सगळे गोटे, त्यांवर चालायचं म्हणजे बटाट्यांच्या ढिगावर चालणं. लाट मागे गेली की गोटे कुरकुरतात. सीगल पक्षी इतके आगाऊ की एकाने माझ्या हातातला पाव नेला, आणि मग माझ्याकडे बघत उभा, की हे कोरडं कसलं?

मस्यू कासेल पूर्वी दस्त लिहायचे, वकिलासारखे. त्यांचे हात कागदासारखे पातळ, पलीकडचं दिसेल असे. ते म्हणाले, या गावात पहिली आगगाडी आली, तेव्हा मी फलाटावर होतो, वाजंत्री होती. मी मनात हिशेब केला. मला हिशेब येत नाही, पण गाडीला शंभराच्या वर वर्षं झाली एवढं मलाही ठाऊक. मी म्हटलं, तुमच्या आजोबांनी पाहिली असेल. ते म्हणाले, आजोबा तेव्हा कधीच गेलेले होते, लेओंतीनबाई. म्हातारपणात माणूस असा गोंधळतो. मी त्यांना चिडवलं, की मग तुम्हाला अजून बायको मिळेल, वय काय झालंय. सगळे हसले. बारा जण एकदम हसले, आणि एकदम थांबले.

मला स्वतःची नॅपकिनची कडी मिळाली. पाहुण्याला नॅपकिन नुसता घडी घालून देतात, कडी घरच्या माणसाला. हस्तिदंती, कोरीव, या गावचं जुनं काम. माझं नाव आहे त्यावर. नावाखाली बोट फिरवलं तर खरवडल्यासारखं लागतं, आधी दुसरं काही असावं. काटकसरी लोक आहेत. काटकसर मला आवडते.

रविवारी नव्हे, त्याच्या पुढच्या रविवारी तू येणार. वीस तारीख.

शनिवार, १२ ऑक्टोबर

बाजाराचा दिवस. भर रस्त्यात लोणी, कोंबड्या, शिंपले, सगळं. लोणीवालीशी बोलणं निघालं. लोणी बरं होतं, पण पाणी जास्त. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, म्हातारे, तू कुठली पाटलीण. मी म्हटलं, मी त्या मागच्या गल्लीतल्या हॉटेलात उतरले आहे, चौदावी म्हणून.

तिने लोणी कापायची तार खाली ठेवली. म्हणाली, दर शरदात एक आणतात. गेल्या सालची नफशातेलकडची होती, बुलारबाई, चांगली ठणठणीत. इथून गेली आणि ईस्टरआधीच्या उपासांच्या आत मातीत. त्याआधीची तर तिच्या बहिणीकडूनच लोणी घ्यायचे मी, तीही तशीच. मी विचारलं, इथे काही झालं का त्यांना? ती म्हणाली, इथे कुणाला काही होत नाही. घरी जातात, आपापल्या पलंगावर मरतात. कोण काय बोलणार.

मी म्हटलं, बाई, सत्तरीच्या बायका मरणार नाहीत तर काय नाचणार? तीही हसली. पण तिने माझ्याकडून पैसे घेतले नाहीत, आणि लोणीवाली पैसे घेत नाही म्हणजे काय, ते मला कळतं.

मी जेवताना सहज विचारलं, की बुलारबाई कशी होती. सगळ्यांनी सूपमध्ये पाहिलं. मग थोरली म्हणाली, ती फार बसायची. शेवटी कुत्रं भाजल्याचं नाटक करावं लागलं. धाकटीने तिला टेबलाखालून लाथ मारली, मला आवाज ऐकू आला. मालकीणबाई म्हणाल्या, आमच्याकडे एक कुत्रं होतं, बिचारं.

मी उद्या निघून जाऊ का? पण जाऊन सांगू काय? चौदावी असताना कुणाला भीती नाही, मीच तर त्यांचं औषध आहे. आणि घरी माझी खाट कोठारात, बटाट्यांशेजारी. इथे निळे मासे आहेत.

तू यायला आठ दिवस.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

आज शिंपले सायीतले. मी मुद्दाम एकदाही उठले नाही, बघू तरी म्हणून. मीठ नव्हतं, अळणी खाल्लं. पाव संपला, नाही आणला. सोलांज, पाय कसे शिवशिवतात सांगू? टेबलाखाली दोन्ही टाचा नाचत होत्या.

 आणि कुणी जेवलं नाही. ते कधीच फारसं जेवत नाहीत, हे मी आज पाहिलं. ताटात इकडचं तिकडे करतात. शेवटी थोरली म्हणाली, आज आपल्याला बरं नाही का, लेओंतीनबाई? अगदी बारीक आवाजात, जशी मी आजारी डुकराला विचारते. मला वाईट वाटलं. मी उठले आणि तिला सफरचंदाच्या दारूचा पेला भरून दिला. कासेलम्हाताऱ्यांनी मोठा श्वास सोडला.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

टेबलावर बसून लिहिते आहे. वही मांडीवर, वरून नॅपकिन. सकाळपासूनचं नीट सांगते, कारण तुला नीट कळलं पाहिजे.

बारा वाजता घंटा झाली. सगळे बसले. मालकीणबाई म्हणाल्या, स्वयंपाकीण आजारी आहे, आज मी वाढते. त्यांनी सूप वाढलं आणि त्या कपाटाला टेकून उभ्या राहिल्या. सूप अळणी. थोरली म्हणाली, अरे, मीठ. आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी उठतच होते. टेबलावर दोन्ही हात टेकले होते, खुर्ची मागे सरकली होती. पण मी रोज संध्याकाळी बदकं कोंडताना मोजते तशी नजर फिरली, जोडीजोडीने, सवय ती. दोन, चार, सहा, आठ, दहा, बारा, आणि मी.

मी पुन्हा खुर्ची ओढून घेतली. मी म्हटलं, मालकीणबाई, आपण बसा ना, तेरा होताहेत. त्या म्हणाल्या, मला भूक नाही.

कुणी दचकलं नाही, सोलांज. घाबरायला पाहिजे होते ना ते? थोरलीने चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, मोजलं तिने. धाकटी म्हणाली, मी सांगत होते, शेतकरणी मोजतात.

दुपारी चार वाजता मी म्हटलं, आपण सगळे टाळीला एकदम उठू, रोजच्यासारखे. सगळे हो म्हणाले, फार गोड. मालकीणबाईंनी टाळी वाजवली. मी नुसती कोपरं उचलली. बाकी कुणी केससुद्धा हलवला नाही. बाराही जण माझ्याकडे बघत होते, हसऱ्या तोंडाने, जसं बाळ पहिलं पाऊल टाकताना बघतात.

मग थोरलीने सगळं सांगितलं, कंटाळलेल्या आवाजात. वर्षाला या घराकडून एक माणूस जायचंच असतं, आणि आम्हाला जायचं नाही. म्हणून जी बसू शकत नाही अशी आणतो. आधी पोटभर खायला घालतो, आम्ही काही रानटी नाही. यात राग कसला धरायचा, लेओंतीनबाई. तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांसाठीच उठलात. आणखी एकदा.

स्वयंपाकघरात दूध उतू गेलं. मुद्दाम. आधी सळसळ ऐकू आली, मग करपलेला वास. साठ वर्षं मी त्या वासाला धावले आहे. मी टेबलाची कड धरली, इतकी की नखाखाली रक्त आलं. दूध जळून कोळसा झालं.

शनिवार, १९ ऑक्टोबर, सकाळ

रात्र गेली. ते झोपत नाहीत. डोळेही मिटत नाहीत. त्यांना पाणी लागत नाही, बाहेर जावं लागत नाही. मला लागलं. मी मालकीणबाईंना हात जोडले, एक भांडं तरी आणा. त्या म्हणाल्या, परसात आहे की, जाऊन या.

जे व्हायचं ते जागेवरच झालं. दोघी दुफूर बहिणींनी नाकाला रुमाल लावले. धाकटी म्हणाली, गोठ्यातली ती गोठ्यातलीच.

एकाहत्तर वर्षं माझ्या अंगाला कधी वास आला नव्हता.

मला मरायचं नाही, सोलांज. हे लिहायला लाज वाटते. वसंतात तुझं लग्न आहे, लेस मी विणून ठेवली आहे. आणि लग्न नसतं तरी मला मरायचं नव्हतं. मला तो मासा पुन्हा खायचा आहे.

शनिवार, दुपार

धाकटीच्या घशात काटा अडकला. ताटात मासा नव्हता, तरी अडकला. तोंड निळं पडलं, हात माझ्याकडे, पाणी, पाणी. पाण्याचा जग कपाटावर. मालकीणबाई कपाटाशीच उभ्या, नखं बघत.

मी हे नाटक ओळखलं होतं. तरी माझी मांडी उचलली गेली. मी स्वतःच्या मांड्यांवर कोपरं रोवून बसले. ती टेबलावर डोकं आपटत होती. आणि समजा नाटक नसतं तर? तरी मी बसलेच असते. देवाने ते पाहिलं.

मग तिने तोंड पुसलं आणि थोरलीला म्हणाली, नाही उठली. पैज हरलीस.

शनिवार, दिवेलागण

ते आता माझ्याशी बोलत नाहीत. आपापसांत तुझ्याबद्दल बोलतात. तुझी गाडी किती वाजता. तुला टोपी शोभते का. तू केव्हा येणार तो वार मी आता लिहिणार नाही. लिहिला नाही तर कदाचित—

थोरली म्हणाली, लिहा न लिहा, आम्हाला पाठ आहे.

कासेलम्हाताऱ्यांनी मला समजावून सांगितलं, दस्त वाचून दाखवावा तसं. पोर येईल, भुकेली असेल, तुमच्याशेजारी बसेल. म्हणजे चौदा. चौदांतून कुणीही उठावं, काही होत नाही. मी उठेन, मला माझा पलंग आठवतोय. मग उरले किती? तेरा. आणि पोरीला परतीची गाडी आहे. ती घड्याळ बघेल आणि उठेल.

तुम्हाला काहीच करायचं नाही, म्हणाले. नुसतं बसून राहायचं. ते तुम्हाला आता जमतं.

मी म्हटलं, तिला नको. ते म्हणाले, मग आत्ता उठा.

मी उठले नाही.

मी उठले नाही, सोलांज. आता पहाट होते आहे, रात्रभर वेळ होता.

सकाळ

प्रार्थनेची घंटा झाली. मी ठरवलं. तू दारात आलीस की मी उठेन, तू बसायच्या आत. त्याआधी नाही. तेवढा एक तास मला हवा. गल्लीतून पावाचा वास येतो आहे. तेवढा एक तास.

ही वही तुला देईन. सोलांज, ही वही उभ्यानेच वाच. या घरात काहीही वाचलंस, खाल्लंस, ऐकलंस तरी उभी राहा.

दार वाजलं. पाववाला.

मालकीणबाईंनी माझ्याशेजारी खुर्ची मांडली आहे. नवी उशी. नॅपकिन नुसता घडीचा.

साडेअकरा

तुझा आवाज. दारातच कोट काढते आहेस. हसलीस. मी उठ—

नाही.

पाय नाहीत. आहेत, दिसतात, पण माझे नाहीत. दोन दिवस एका जागी. मी टेबलाला रेटते, वरचं अंग हलतं, खालचं पोत्यासारखं. चिमटा काढला. काही नाही.

थोरली बघते आहे. थोरलीला कळलं. ती धाकटीला म्हणाली, बघ, आता उठवत नाही तिला. सगळे हसताहेत, आवाज न करता.

मी ओरडले, बसू नकोस. घसा फाटला आहे, कुजबुज झाली. बोळात मालकीणबाई तुला सांगताहेत, आज्जी जरा गोंधळल्या आहेत, कालपासून एकच म्हणतात, बसू नकोस, बसू नकोस. नाही म्हणू नका, बाळ. जवळ बसा, हात हातात घ्या, की शांत होतात.

तू म्हणालीस, हो तर.

कासेलम्हाताऱ्यांनी काठी हातात घेतली.

पुन्हा रेटते. एक पाय सरकला. सरकला, सोलांज, आणखी थोडं—

तू आलीस. म्हणालीस, केवढी गार झालीत गालफडं. तू रडतेस का, रडू नकोस, वास येतो ना, सांगते, आधी उभी राहा. बसू नकोस. मी वही दाखवते. तू वही पाहिलीस. म्हणालीस, लिहिलंस ना सगळं, दे इकडे, आता तुझ्याजवळ निवांत बसते आणि पहिल्यापासून—

नाही, उभी, उभ्या